दोघांच्या मधले काकाजी

"दोघायचंही बराबर आहे," असं म्हणून काकाजी दोन्ही हात पुढे करायचे, तळवे वर. उजव्या तळव्यावर एका पक्षाचं म्हणणं, डाव्यावर दुसऱ्याचं. थोडा वेळ ते तसेच धरून ठेवायचे, मग दोन्ही तळवे जोडून नमस्कार करायचे आणि प्रश्न सुटला असं समजून चहा मागवायचे. चहा येईपर्यंत भांडायला आलेले लोक एकमेकांकडे बघत बसायचे. आता घरी जायचं की भांडण पुढे चालू ठेवायचं, हे त्यांना कळत नसे.

असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. वजनदार असूनही कोणाच्या पायावर पाय न पडू देणारा, सगळ्या पक्षांच्या लग्नपत्रिकांवर नाव असलेला, ज्याच्याविषयी सगळे चांगलंच बोलतात असा. आमच्या वर्धा जिल्ह्यात तो आम्हाला जन्मभर पुरला. त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर त्यांच्या घरचे रागावतील, आणि न सांगितल्याने कोणाचं अडणारही नाही. सगळा जिल्हा त्यांना काकाजीच म्हणायचा.

माझा धंदा माइक-लाउडस्पीकरचा. नालवाडीत दुकान आहे, वडिलांपासूनचं. लग्न, जयंती, भागवत सप्ताह, प्रचारसभा, शोकसभा, जे असेल तिथे माझी गाडी उभी. काकाजींचा माइक मी त्यांच्या जिल्हा परिषदेच्या पहिल्या निवडणुकीपासून लावला. पुढे ते सभापती झाले, आमदार झाले, पुन्हा झाले, पुन्हा झाले, मधे काही महिने राज्यमंत्रीही झाले. मंत्रिपद गेलं तेव्हा पत्रकारांनी विचारलं, तर म्हणाले, ज्यांनी काढलं त्यांचंही बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांच्या मनाच्या मोठेपणावर अग्रलेख आला.

त्यांच्या भाषणात आधी नावं असायची. व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं, मग समोरच्या रांगेतल्यांचं, मग मंडपवाल्याचं आणि शेवटी माझं. माझं नाव त्यांनी कधी गाळलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. नावं संपली की भाषणही संपत आलेलं असे. उरलेल्या वेळात कापसाला भाव मिळाला पाहिजे आणि गिरणीही तोट्यात जाता कामा नये, धरण झालं पाहिजे आणि कोणाची जमीनही जाता कामा नये, असं सांगून ते खाली बसायचे. टाळ्या दोन्हीकडून पडायच्या. घरी जाऊन वायरी गुंडाळताना मी आठवून बघायचो की आज काकाजी काय बोलले, आणि मला एक वाक्य आठवायचं नाही.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. कागदावर. एका गावच्या बाया लाटणी घेऊन काकाजींकडे आल्या होत्या, कारण शाळेच्या समोरच गावठी विकली जात होती आणि पोरं शाळेत जाताना वास घेत जात होती. काकाजींचे डोळे भरून आले. खोटे नाही, खरेच भरून आले. "तुमचं एकदम बराबर आहे माय," म्हणाले. त्याच दिवशी दुपारी विकणाऱ्याला बोलावून घेतलं. तो लेकराबाळांचा माणूस, तोही रडला. "तुह्यंही बराबर आहे बाबू, पोट कोणाले चुकलं." मग तोडगा निघाला. दारू शाळेच्या समोरून उठली आणि शाळेच्या मागे गेली. बायांना सांगण्यात आलं की समोरची बंद झाली. विकणाऱ्याला सांगण्यात आलं की बंद नाही झाली. सत्काराच्या कार्यक्रमाला माइक माझाच होता. मागच्या भिंतीपलीकडून गिऱ्हाइकांची बोलणी माइकमध्ये येत होती, म्हणून मला आवाज कमी करावा लागला.

त्यांचा पक्ष फुटला तेव्हाची गोष्ट तर अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे. सकाळी एका गटाच्या कार्यालयाचं उद्घाटन, संध्याकाळी दुसऱ्या गटाच्या. दोन्हीकडे काकाजी हजर. पिशवीत दोन दुपट्टे ठेवलेले. सकाळचा घडी करून आत, संध्याकाळचा बाहेर. मी दोन्ही ठिकाणी माइक लावायला होतो म्हणून पाहिलं. दुसरा दुपट्टा गळ्यात घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं आता तरी हा माणूस थोडा लाजेल. ते म्हणाले, "काय करतो रे बाबू, दोन्हीकडं आपलेच लोक आहेत."

आता तुम्ही म्हणाल, की मग लबाड होता. तसा असता तर मला इतकं लिहावं लागलं नसतं. लबाड पुढारी मी ट्रकभर पाहिले आहेत. त्यांची चीड येते आणि ती चहाबरोबर विसरली जाते. काकाजी लबाड नव्हते. त्यांनी कोणाकडून काही खाल्लं नाही, कोणाची जमीन लाटली नाही, कोणाला धमकावलं नाही. माझे वडील गेले तेव्हा काकाजी आमदार होते. गाडी वस्तीच्या तोंडाशी सोडून चालत आले. पुण्यानुमोदनाला सतरंजीवर मांडी घालून बसले, त्रिशरण-पंचशील चालू असताना हात जोडून, येत नव्हतं तरी ओठ हलवत राहिले. जाताना माझ्या आईला म्हणाले, "माय, दोन घास खाजो. उपाशी राहून कोणी वापस येत नाई." आई मरेपर्यंत सांगायची, "लय साजरा माणूस आहे रे."

साजरा होताच. आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून ते चौकापर्यंत चालायचे. आणि ज्यांनी एका गावात तीच मिरवणूक अडवली होती, त्यांच्या घरच्या साखरपुड्याला त्याच आठवड्यात जाऊन पहिल्या पंगतीला बसायचे. चेहऱ्यावर हसू तेच, हात जोडणं तेच, "काही पाहिजे का बेटा" हे विचारणं तेच. मला त्या हसण्याची किळस यायला लागली ती तेव्हापासून. पण ती माझ्या पोटात होती. पोटातून ती वर आली ती माझ्या बहिणीमुळे.

माझी धाकटी बहीण शकुंतला. आम्ही शकू म्हणतो. आर्वीकडच्या एका गावात दिली आहे. दहावी झालेली, बचत गट चालवायची, चारचौघात बोलायला न घाबरणारी. गावचं सरपंचपद आरक्षणात आमच्या समाजाच्या बाईसाठी निघालं आणि ती थेट लोकांतून निवडून आली. बौद्धपुऱ्यातल्या मतांवरच नाही, गावातल्या कुणब्या-तेल्यांच्या बायांनीही तिला मतं दिली, कारण नळाचं पाणी कधी येतं आणि कधी येत नाही हे तिला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं.

त्या गावात एक रीत होती. जुन्या मध्यप्रांतातली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारी जमीनदारी, कायद्याने केव्हाच गेली, पण गावात त्या घराला अजून मालगुजारच म्हणतात. ग्रामपंचायतीची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली. म्हणून झेंडावंदनाला दोर मालगुजाराच्या हातात द्यायचा, सरपंच कोणीही असो. आधीचे सगळे सरपंच खांबाजवळ उभे राहायचे, दोर उचलून आदराने मालगुजाराच्या हातात द्यायचे आणि एक पाऊल मागे सरकायचे. यात कोणाला काही वाटत नसे. ग्रामसेवकाने पहिल्या पंधरा ऑगस्टच्या आधी शकूला हे समजावून सांगितलं.

"काऊन?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून तसंच आहे ताई."

"लोकायनं मले निवडलं ना? मंग दोर मीच ओढीन."

एवढंच ती बोलली. दोन दिवसांत गाव दोन बाजूंना झालं. मालगुजार म्हातारे, सभ्य माणूस होते, ते काही बोलले नाहीत. बोलला त्यांचा मुलगा. जागा आमची, खांब आमच्या जागेवर, म्हणाला, पाहू कशी ओढते. ग्रामसेवकाला नियम ठाऊक होता आणि तो नियम शकूच्या बाजूचा होता, पण नियम मोठ्याने म्हणायला तो तयार नव्हता. मग सगळ्यांना एकच नाव सुचलं. काकाजींना बोलवा.

शकूलाही तेच सुचलं. "काकाजी आपल्या घरचा माणूस आहे," मला फोनवर म्हणाली.

काकाजी आले. दोन्ही बाजूंचं ऐकलं. दोन्ही तळवे पुढे झाले. शकूचा हक्क आहे, म्हणाले, त्यात वादच नाही. मालगुजारांचं वय आहे, त्यांच्या घराण्याचे उपकार आहेत, त्यातही वाद नाही. तेव्हा दोघांनी मिळून दोर धरावा. सगळ्यांनी माना हलवल्या. मालगुजाराच्या मुलानेही हलवली.

त्या ऑगस्टला मी माइक घेऊन गेलो होतो. दोराला मालगुजारांचा हात वर, शकूचा हात खाली. झेंडा फडकला, पाकळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, गावाने आदर्श घालून दिला म्हणून. शकूने तो फोटो कापून ठेवला नाही. मला म्हणाली, "दादा, माह्या हातात ढिल्ला दोर होता. ओढला त्यायनंच."

सव्वीस जानेवारीच्या तोंडावर मालगुजार तापाने पडले. शकूला वाटलं, आता तरी. पण काकाजींचा फोन आला. त्यांच्या घरात आजारपण आहे, आजारी माणसाचं मन दुखवू नये, बापाच्या जागी पोरगा हात लावेल, पुढच्या ऑगस्टला तू एकटी. पुढच्या ऑगस्टला गावात नळ योजनेचा ठराव व्हायचा होता आणि सदस्य मालगुजारांच्या बाजूचे. काकाजी म्हणाले, ताई, पाणी मोठं की दोर मोठा? शकू म्हणाली, पाणी. पाणी आलं, हे सांगितलं पाहिजे. त्यात काकाजींचाही हात होता. असं दर वर्षी काही ना काही निघत गेलं, आणि दर वेळी जे निघायचं ते खोटं नसायचं, हीच त्यातली मोठी गोम होती.

शेवटी शकूच्या मुदतीतला शेवटचा ऑगस्ट आला. या वेळी ती स्वतः वर्ध्याला येऊन काकाजींच्या पिपरी मेघेच्या घरी गेली. मी सोबत होतो.

"काकाजी, या बारी मले एकटीलेच ओढू द्या जी. माही सासू म्हणते, मरायच्या आधी एकडाव पाहू दे."

काकाजी उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी स्वतः येतो बेटा. माह्यासमोर ओढजो. पाहू कोण अडवते."

येताना बसस्टँडवर शकू मला म्हणाली, "पाह्यलं? तू उगाच त्यायले नावं ठेवतं." मीही त्या दिवशी मान्य केलं की बहुतेक मीच कडू झालो आहे.

त्या सकाळी बौद्धपुऱ्यातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून ओळीने आल्या होत्या. शकूची सासू पुढे खुर्चीवर. ती म्हातारी जन्मभर त्या गावात राहिली, पण ग्रामपंचायतीच्या आवारात बसायला म्हणून पहिल्यांदा आली होती, आणि खुर्चीच्या कडेवरच बसली होती. एका बाजूला मालगुजार काठी धरून. त्यांचा मुलगा खांबाजवळ, आणि दोर त्याच्या हातात. काकाजी मधे, पाहुण्यांच्या खुर्चीवर.

सूत्रसंचालन करणारे गुरुजी गोंधळले होते, कोणाचं नाव घ्यायचं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माइक माझ्या हातात होता. मी म्हटलं, "आता गावच्या सरपंच शकुंतलाताई यांच्या हस्ते झेंडावंदन होईल." बाया टाळ्या वाजवायला लागल्या. शकू पुढे झाली.

मालगुजाराच्या मुलाने दोर सोडला नाही. शिव्या नाही, धक्का नाही, नुसता सोडला नाही. शकूने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. टाळ्या थांबल्या. मी काकाजींकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. 'बाबू, दोर ताईले दे.' एवढंच. त्याने ऐकलं असतं, त्याच्या बापालाही तिकिटाच्या वेळी काकाजी लागायचे.

काकाजी उठले. हसतच आले. एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, एक शकूच्या. दोघांच्या मधे उभे राहिले. त्याला हळूच काही म्हणाले, आणि त्याने दोर काकाजींच्या हातात दिला. शकूचा हात अजून पुढेच होता. तिला वाटलं, आता ते तिला देतील. मलाही वाटलं.

काकाजींनी दोर ओढला.

गाठ सुटली, पाकळ्या त्यांच्या टोपीवर पडल्या, आणि लगेच शाळेच्या पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. आता राष्ट्रगीत सुरू झाल्यावर कोण काय बोलणार? सगळे ताठ उभे. बाया ताठ, मालगुजार काठी टेकून ताठ, मी माइक धरून ताठ. शकूने पुढे केलेला हात मागे घेतला आणि तीही ताठ उभी राहिली. सासूला खुर्चीतून उठायला वेळ लागला. ती उठून उभी राहिली तेव्हा गीत संपत आलं होतं.

नंतर काकाजींनी माइक मागितला. मला तो द्यावा लागला. "आज या गावात कोणाचाही पराभव झाला नाही," असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या क्षणी मला त्यांचा जो तिटकारा आला तो आजही तोंडात आहे. शत्रू असता तर शकू हरली असती. इथे तर ती हरलीसुद्धा नव्हती, कारण ती लढलीच नव्हती असं ठरवून टाकण्यात आलं होतं.

जिलेबी वाटली जात होती तेव्हा ते शकूजवळ गेले. "तुहा मान राह्यला ताई, त्यायचाही राह्यला. जानेवारीत नक्की तू."

"हाव काकाजी," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

मला राहवलं नाही. त्यांच्या गाडीपर्यंत गेलो. "काऊन असं केलं जी तुमी?"

"अरे, तंटा टळला ना."

"अन् तिचा हक्क?"

"हक्क कुठी पळून चालला रे? कोणी भांडलं नाई, डोकं फुटलं नाई, आणखी काय पायजे?" मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाले, "बॉक्सचा आवाज आज साजरा होता." आणि गाडीत बसले.

डिसेंबरात शकूची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक आला, पुढे आरक्षण दुसरीकडे फिरलं. जानेवारीत पंचायत समितीतून एक साहेब आले. त्यांना गावची रीत ठाऊक नव्हती आणि ती त्यांना कोणी सांगितलीही नाही. त्यांनी सरळ दोर ओढला, चहा घेतला आणि पुढच्या गावाला गेले. मालगुजाराचा मुलगा टाळ्या वाजवत होता. त्या दिवशी जागा कोणाची, खांब कोणाचा, हा प्रश्न निघालाच नाही.

काकाजींना ठाऊक होतं का, की जानेवारी येईपर्यंत शकू सरपंच राहणार नाही? याचा मी पुष्कळ विचार केला. जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींच्या मुदती त्यांना झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता यायच्या. मला वाटतं, ठाऊक होतं, आणि ते विसरले. विसरणं सोयीचं असलं की ते अगदी मनापासून विसरायचे.

त्यानंतर मी त्यांचा माइक लावणं बंद केलं. बोलवायला माणूस आला की सांगायचो, गाडी बाहेर आहे. गाडी दारात उभी असायची. त्यांनी कधी रागावून विचारलं नाही.

पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. दोन्ही गटांनी त्यांच्याविषयी आदर व्यक्त केला आणि दोन्ही गटांनी दुसऱ्याला दिलं. मग ते घरीच असायचे. घराचेही दोन भाग झाले होते. दोन मुलं, दोन चुली. दुपारचं जेवण थोरल्याकडे, रात्रीचं धाकट्याकडे, अशी वाटणी काकाजींनीच करून दिली होती.

एकदा दुपारी उशिरा मी बसस्टँडजवळ आलूबोंडा खायला थांबलो, तर कोपऱ्यातल्या बाकावर काकाजी. टोपी मांडीवर ठेवलेली. पुढ्यात रस्सा घातलेल्या बोंड्याची प्लेट, आणि ते घाईघाईने खात होते. मला पाहून थांबले, हात पुसला.

"काकाजी, तुमी इथं?"

"बस बस. तू घे ना एक." मग जरा वेळाने, सहज सांगितल्यासारखं, "थोरला आज बाहेर गेलता. धाकट्या सुनेले वाटलं, मी तिकडं जेवलो."

"मंग सांगायचं ना जी तिले."

"तिले सांगतलं तं थोरल्याले लागन. थोरल्या सूनबाईनं उपाशी ठेवलं असं होईन." ते हसले. "जाऊ दे. एका दिवसाचं काय."

एका दिवसाचं नव्हतं ते. बोंडेवाल्याने न सांगता दुसरी प्लेट त्यांच्यासमोर ठेवली, त्यावरून कळलं. ज्या माणसाच्या दारात मी जिल्ह्याचे कलेक्टर बसलेले पाहिले, तो आपल्याच घरी भूक लागली म्हणू शकत नव्हता. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि पाण्याचा ग्लास भरून दिला. खूप दिवसांनी आम्ही बोललो. बहिणीविषयी त्यांनी विचारलं. बरी आहे, म्हटलं. "मोठी गुणाची पोरगी," म्हणाले, आणि पुन्हा खायला लागले.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी काकाजी गेले. आर्वीला सर्वपक्षीय शोकसभा झाली. त्यांचा माइक लावायला मी पुन्हा गेलो, कोणी बोलावलं नव्हतं तरी. व्यासपीठावर दोन्ही गट, दोन्ही मुलं, आणि मालगुजाराचा मुलगा, जो आता स्वतः पुढारी झाला होता. माजी महिला सरपंच म्हणून शकूलाही वर बसवलं होतं. सगळे बोलले. अजातशत्रू, म्हणाले. समन्वयाचा महामेरू, म्हणाले. मी खाली उभा राहून आवाज बघत होतो.

शकूचं नाव पुकारलं तेव्हा मला भीती वाटली. ती माइकसमोर आली. माइक आपल्या उंचीला खाली केला. मग म्हणाली, "काकाजीनं मले कधी नाई म्हटलं नाई." आणि जाऊन बसली.

सभेत सगळ्यांच्या माना हलल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर डोळ्याला लावला. सूत्रसंचालकाने ते वाक्य जड आवाजात पुन्हा म्हणून दाखवलं. मालगुजाराचा मुलगा शकूकडे वळून म्हणाला, "खरं बोलल्या ताई."

सभा संपल्यावर तिला गावी सोडायला मी गाडी काढली. आर्वी मागे पडली. मग ती रडायला लागली. मी पुष्कळ वर्षं दाबून ठेवलेलं बोलून गेलो. "काऊन रडून राह्यली? त्यायनं काय केलं तुह्यासाठी?"

"मालगुजाराचा पोट्टा मले तोंडावर नाई म्हणे," ती म्हणाली. "त्याच्याशी मी भांडली. सभेत भांडली, रस्त्यावर भांडली. अजून भेते तो मले. काकाजीनं एकडाव, फकस्त एकडाव, नाई म्हटलं असतं दादा, तं त्यायच्याशीही भांडली असती मी. हातातून दोर हिसकला असता."

पदराने तोंड पुसून ती बाहेर बघत राहिली.

"पण ते हावच म्हणत गेले. अन् मी वाट पाहत राह्यली."